एक सीट बाकी

काल्हेरची ती बिल्डिंग पडली त्या दिवशी तुम्ही कुठे होतात, असं आमच्याकडे अजून विचारतात. हळदीला बसलेले असोत नाहीतर दहाव्याला जमलेले, थोडा वेळ गेला की विषय तिथे येतोच. मग प्रत्येकजण आपलं सांगतो. पानवाला सांगतो, चुना संपला म्हणून मी तेवढ्यात बाहेर पडलो. दुसरा सांगतो, नाक्यावर दाढी करायला गेलो होतो, न्हाव्याकडे गर्दी होती म्हणून वाचलो. दरवेळी तेच सांगतात आणि ऐकणारे दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे "अरे बापरे" म्हणतात. मी गप्प असतो. कुणी खोदून विचारलंच तर म्हणतो, "रिक्षात होतो. आणखी कुठे असणार?"

उत्तर खरं आहे, पण त्यात सगळं येत नाही. यंदा आमच्या वाचनालयाचा दिवाळी अंक काढणारी मंडळी घरी आली आणि म्हणाली, बाळारामभाऊ, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहून द्या. मी म्हटलं, भिवंडीत रिक्षा चालवलेल्या माणसाच्या आयुष्यातून खड्डे वजा केले तर फार काही उरत नाही, खड्डेच लिहू का? त्यांना ती थट्टा वाटली. पण लिहायला बसलो तेव्हा कळलं की मला लिहायचं आहे ते त्या दिवसाचंच. ज्या बाईचं आहे तिला विचारलं. ती म्हणाली, "लिहा. फक्त नाव माझं घालू नका." म्हणून तिला इथे वनिता म्हणतो.

आधी धंदा समजून घ्या, नाहीतर पुढचं समजणार नाही. धामणकर नाका ते काल्हेर ही आमची शेअरची लाइन. मीटर माझ्या रिक्षाला होता, पण तो शोभेचा. शेअर म्हणजे मागे तीन आणि पुढे माझ्या शेजारी एक. कायदा तीनचा आहे. चौथा माझ्या मांडीला मांडी लावून बसायचा, आणि हवालदार दिसला की दोघंही दुसरीकडे बघायचो. स्टँडवर नंबर लागतो. पहिल्या नंबरची रिक्षा भरते, निघते, मग दुसरी पुढे सरकते. रिक्षा भरल्याशिवाय हलायचं नाही. तीन सीट घेऊन निघालात तर डिझेलच्या जमान्यातही परवडत नव्हतं, गॅसच्याही नाही. म्हणून दिवसभर आम्ही एकच वाक्य ओरडतो, "काल्हेर, काल्हेर, एक सीट, एक सीट." रिक्षात एक बसलेला असो की तीन, आमची नेहमी एकच सीट बाकी असते. तीन सीट बाकी आहेत असं ओरडून कुणी येतं का?

आणि बसलेला पॅसेंजर विचारतो, "भाऊ, किती वेळ?" त्याचंही उत्तर ठरलेलं आहे. "निघालोच." हँडलला हात लावायचा, थोडा एक्सलेटर द्यायचा, गाडी वीतभर पुढे घ्यायची. पॅसेंजरला बरं वाटतं. वीतभर पुढे घेतलेली गाडी मग हळूच मागे घ्यायची. हे खोटं आहे हे पॅसेंजरला माहीत असतं, आम्हालाही माहीत असतं. तरी तो विचारतो आणि आम्ही सांगतो. मला कुणी शिकवलं नाही. स्टँडवर उभं राहिलं की पहिल्याच आठवड्यात येतं.

आमच्या स्टँडचे मुकादम यूसुफभाई. कापडाची लूम बंद पडली तेव्हा रिक्षात आले आणि हळूहळू सगळ्यांचे न्यायाधीश झाले. बकरी ईदच्या आधी एक गिऱ्हाईक बकरा घेऊन रिक्षात बसलं. आता बकऱ्याची सीट धरायची की नाही, यावर मी आणि ते गिऱ्हाईक हमरीतुमरीवर आलो. यूसुफभाईंनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि निकाल दिला, "बकरा सीट पे बैठा तो सवारी, गोद में बैठा तो सामान." त्या माणसाने अख्खा रस्ता बकरा मांडीवर घेतला आणि उतरताना मला जे ऐकवलं ते अंकात छापण्यासारखं नाही. एक म्हातारी होती, ती रिकाम्या रिक्षात सर्वांत आधी येऊन बसायची. रिक्षा भरली की उतरून चालायला लागायची. तिला कुठेच जायचं नसायचं, नुसती सावली हवी असायची. मला राग यायचा, पण तिला बघून इतर गिऱ्हाइकं बसायची हेही खरं. रिकाम्या रिक्षात पहिलं बसायला कुणालाच आवडत नाही.

आम्ही खाडीकाठचे. बापाची भातशेती होती, भरतीला जाळंही टाकायचा. त्याने जमीन विकली तेव्हा गोडाऊन अजून यायचे होते. त्यानंतर ते असे आले की शेजारच्याने तेवढीच जमीन विकून तीन मजली बंगला बांधला आणि आम्ही रिक्षा घेतली. बापाला मी बोललो नाही कधी. त्या पट्ट्यात मग जिकडे बघाल तिकडे गोडाऊन, आणि गोडाऊनच्या डोक्यावर भाड्याच्या खोल्या. खाली माल, वर माणसं, ही आमच्याकडची बांधायची रीत. तळमजला माणसाला मिळतच नाही, तो मालाला लागतो.

वनिता अशाच एका बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायची. ती आणि तिचा नवरा प्रकाश, दोघंही गोडाऊनमध्ये कामाला. ती पॅकिंगला दिवसा, तो माल उतरवायला रात्रपाळीला. पोरगी सानिका पहिलीत होती. नवराबायकोची भेट जिन्यात व्हायची, असं ती हसून सांगायची. रविवारी नाक्यावर बाजाराला यायची आणि जाताना बहुतेक माझ्याच रिक्षात. बोलकी बाई. पुढच्या सीटवरच्या माणसाला गप्प बसवायची ताकद तिच्यात होती. मला भाऊ म्हणायची आणि खड्डा आला की माझ्या सात पिढ्या काढायची.

त्या दिवशी तिने कामावर सुट्टी घेतली होती. होळी होऊन गेलेली, दुपारचं ऊन टोचत होतं. ती दळणाची मोठी गोणी घेऊन आली. गहू नाक्यावरच्या गिरणीत दळायची, तिथे पीठ बारीक येतं म्हणून. गोणी मी तिच्या पायाशी ठेवली. मागे दोघं आधी बसलेले होते, ती तिसरी. पुढची सीट रिकामी.

"भाऊ, किती वेळ?"

"निघालोच," मी म्हटलं, आणि गाडी वीतभर पुढे घेतली.

तिने लगेच नवऱ्याला फोन लावला. तिचा फोन मोठ्या आवाजाचा, आपल्याला ऐकायचं नसलं तरी ऐकू येणार. तो रात्रपाळी करून झोपला होता. ती म्हणाली, "अहो, उठा. मी निघालेय. गोणी जड आहे, तीन मजले मला जमायची नाही. खाली ओट्यावर येऊन बसा." तो काहीतरी पुटपुटला. जांभई दिली तीसुद्धा ऐकू आली. मग म्हणाला, "येतो."

बिल्डिंगच्या पुढे, गोडाऊनच्या शटरसमोर, मालाची चढउतार करायला सिमेंटचा लांब ओटा होता. हमाल तिथे बसून जेवायचे. त्या ओट्यावर तो येऊन बसणार होता.

आणि चौथी सीट काही येईना. त्या दिवशी सकाळपासूनच माझं डोकं फिरलेलं होतं. हवालदाराशी वाजलं होतं, पोटात चहाशिवाय काही नव्हतं. वनिता दर थोड्या वेळाने विचारत होती आणि मी दरवेळी निघालोच म्हणत होतो. शेवटी ती वैतागली.

"भाऊ, तुमचं निघालोच किती वेळ चालतं हो? तो माणूस रात्रभर जागा आहे. उन्हात बसवलाय मी त्याला ओट्यावर. खरं काय ते एकदा सांगा."

आणि मी खरं सांगितलं. इतक्या वर्षांत पॅसेंजरला कधी न सांगितलेलं, ते रागाच्या भरात तिला सांगितलं. "खरं ऐकायचंय? एक सीट बाकी हाय. दुपारची वेळ हाय. अर्धा तासपण लागंल. घाई असंल तर उतरा."

ती उतरली नाही. तिने परत फोन लावला. "अहो, ऐका. ह्यांची रिक्षा भरत नाही. तुम्ही उगाच उन्हात बसू नका. वर जाऊन झोपा. अंजूरफाटा सोडला की फोन करते, मग या खाली."

फोनमधून त्याचा आवाज आला. "बरं. ये सावकाश."

तिने फोन पर्समध्ये टाकला आणि तेवढ्यात सुताच्या कोनांची पिशवी खांद्याला लावलेला एक माणूस धावत आला. "काल्हेर?" पुढे बसला. चौथी सीट. मागच्या दोघांपैकी एक हसून म्हणाला, "घ्या. सांगून टाकलंत नि आलीच." मी वनिताला म्हटलं, "करा फोन, बोलवा खाली." ती म्हणाली, "नको. आत्ताच वर पाठवलाय. दोन मिनटं तरी झोपू दे."

मी गाडी काढली.

अंजूरफाट्याच्या पुढे तिने सांगितल्याप्रमाणे फोन लावला. लागला नाही. परत लावला. ती म्हणाली, "बॅटरी गेली असणार. चार्जिंगला लावत नाही हा माणूस कधी." पूर्णा गाव येईपर्यंत ती लावतच होती. पुढे रस्ता जाम. आमच्याकडे जाम म्हणजे नवल नाही, म्हणून मी इंजिन बंद करून बसलो. मग समोरून माणसं पळत येताना दिसली. काही आमच्या दिशेने, काही उलट. एकाच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत पांढरी धूळ होती. मला आधी वाटलं रंगकाम करणारा असेल. त्याला पुढे बसलेल्या कोनवाल्याने विचारलं, "क्या हुआ भाई?" त्याने बिल्डिंगच्या मालकाचं नाव घेतलं आणि म्हणाला, "पूरी बैठ गयी."

वनिताने मालकाचं नाव ऐकलं. ती उतरली आणि पळत सुटली. चपला रिक्षातच राहिल्या.

मी तिच्या मागे निघालो. रिक्षा रस्त्यात तशीच. आणि काय डोकं चाललं कोण जाणे, मी ती पिठाची गोणी खांद्यावर घेतली. पॅसेंजरचं सामान पोचवायचं, एवढंच हाताला माहीत होतं. त्या गर्दीतून, त्या धुळीतून मी गोणी घेऊन चाललोय आणि लोक मला शिव्या देतायत, हे मला आज आठवलं तरी शरमल्यासारखं होतं.

बिल्डिंग नव्हती. इतक्या वर्षांत रोज त्या वळणावर मी ती न बघता गेलो होतो आणि आता ती नव्हती म्हणून मागचं आकाश दिसत होतं. अख्खी बिल्डिंग मागच्या अंगाला खाली बसली होती. एक मजला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, मधे गाद्या, दारं, कुणाचा तरी फ्रिज. आणि पुढचा ओटा जसाच्या तसा होता. त्याच्यावर नुसती धूळ. कुणीतरी चहा पिऊन ठेवलेला ग्लाससुद्धा उभा होता. मी तो ग्लास बघत तिथेच उभा राहिलो.

आसपासच्या लूमवरची पोरं, हमाल, सगळे हातांनी विटा काढत होते. थोड्या वेळात अग्निशमनवाले आले. त्यांच्यातला एक माझ्याच वयाचा माणूस लोकांना गोळा करून विचारायला लागला, कोणत्या खोलीत कोण होतं, आवाज कुठून येतोय. जिथे माणूस असल्याची खात्री तिथे आधी खणायचं, असं तो आपल्या पोरांना सांगत होता. वनिताला त्याने विचारलं, "ताई, तुमच्या घरात?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "पोरगी शाळेत आहे. आणि ते खाली आले होते. मी फोन करून खाली बोलावलं होतं. ते ह्या ओट्यावर बसले होते. इथेच असतील."

आणि ती गर्दीत त्याला शोधायला लागली. उंच आहेत, निळा टीशर्ट आहे, बघितलात का, असं प्रत्येकाला विचारत. माझ्यापर्यंत आली आणि मलाही म्हणाली, "भाऊ, तुम्ही त्या बाजूला बघा ना जरा."

मी बघायला गेलो. हे मला सांगितलंच पाहिजे. मी रस्त्याच्या पलीकडे गेलो, टपरीच्या मागे बघितलं, टेम्पोच्या आड बघितलं, प्रकाश, प्रकाश अशा हाका मारल्या. तो तिथे नाही हे मला ठाऊक होतं. दुसरा फोन मी माझ्या कानांनी ऐकला होता. पण तिने सांगितलं बघा, म्हणून बघत होतो. आणि खरं म्हणजे तो निळा टीशर्ट कुठेतरी दिसावा, दुसरा फोन मला नुसता वाटलेला असावा, असं मला फार वाटत होतं.

परत आलो तेव्हा अग्निशमनवाले दुसऱ्या टोकाला खणत होते. वनिताच्या खोलीच्या बाजूला कुणी नव्हतं. ती खोली त्यांच्या हिशेबात रिकामी होती. मी गोणी खाली ठेवली आणि त्या माझ्या वयाच्या माणसाला बाजूला घेतलं. म्हटलं, "साहेब, तो वर होता. तिने आधी खाली बोलावला, मग परत फोन करून वर झोपायला पाठवला. माझ्या रिक्षातून केला फोन. ती विसरलीय."

त्याने तिला बोलावलं. मला वाटलं होतं तो माझं नाव घेणार नाही, पण त्याच्याकडे तेवढा वेळ नव्हता. "ताई, हे म्हणतात तुम्ही दुसरा फोन केला होता. वर जायला सांगितलं होतं."

वनिताने माझ्याकडे बघितलं. माणूस असं बघतो हे मला माहीत नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "मी नाही केला."

"वनिताताई," मी म्हटलं, "तुम्ही म्हणालात ह्यांची रिक्षा भरत नाही. तो म्हणाला, बरं, ये सावकाश."

"खोटं बोलतोय हा," ती म्हणाली. मोठ्याने नाही, अगदी साधं सांगितल्यासारखं. "रिक्षावाले खोटंच बोलतात. मी एकच फोन केला. ते खाली आहेत."

भोवतीचे लोक माझ्याकडे वळले. एकाने मला छातीवर हात लावून मागे ढकललं. "बाईची काय अवस्था आहे आणि तू काय लावलंयस?" अग्निशमनवाल्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि तिला हळूच विचारलं, "ताई, ते झोपायचे ती खोली कुठल्या बाजूला?"

तिचा हात वर गेला. मागच्या कोपऱ्याकडे, जिथे शेजारच्या कंपाउंडची भिंत होती, तिकडे तिने बोट दाखवलं. तोंडाने ती अजून म्हणत होती, ते खाली आहेत, खाली आहेत. हात मात्र खाली येत नव्हता. त्याने पोरांना तिकडे वळवलं.

मी संध्याकाळपर्यंत विटा काढल्या. मग कुणीतरी सांगितलं, तुझी रिक्षा रस्त्यात आहे, गाड्या अडल्यायत. मी घरी आलो. प्रकाश दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला, त्याच कोपऱ्यात. चादर अंगावर होती म्हणे. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेला, त्याला काही कळलं नसणार. त्या बिल्डिंगमधली आणखी माणसं गेली, तीही माझ्या रिक्षात कधी ना कधी बसलेली होती. पण मला आठवायला लागलं की पहिल्यांदा ती चादर आठवते, जी मी बघितलेलीही नाही.

पिठाची गोणी मी तिच्या भावाकडे नेऊन दिली, ती तिथे राहायला गेली होती. भावाने गोणी घेतली. आत या म्हणाला नाही. माझ्यासमोर दार लावून घेतलं.

त्यानंतर स्टँडवर मी "तो रिक्षावाला" झालो. बुडालेल्या बाईला आणखी बुडवणारा. यूसुफभाईंनी एकदाच विचारलं, "बाळा, सच क्या है?" मी सांगितलं. त्यांनी तोंडातलं पान थुंकलं. मग म्हणाले, "तूने कहा, इसलिए मिला. नहीं तो कितने दिन पड़ा रहता." तेवढाच एक आधार. बाकी कुणाला मी समजवायला गेलो नाही. काय समजवणार? की तिनेच त्याला वर पाठवला, हे स्टँडवर ओरडून सांगू? त्यापेक्षा खोटारडा म्हणून घेतलेलं बरं. नाहीतरी रिक्षावाल्याचं नाव तेच असतं.

वर्षं गेली. पोरगी शिकत होती, वनिताने भावाचं घर सोडून पूर्ण्याला दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली. तळमजला शोधत फिरली असं कानावर आलं. मिळाला नाही, खाली सगळीकडे मालच. नाक्यावर ती पूर्वीसारखी यायची. माझा नंबर असला की बाजूला उभी राहायची. नियमाप्रमाणे पॅसेंजरने पहिल्या नंबरलाच बसायचं असतं, पण यूसुफभाई मला म्हणायचे, "जाने दे उसको." मी दुसरीकडे बघत एक सीट, एक सीट ओरडायचो. माझी रिक्षा भरून निघाली की ती मागच्या रिक्षात बसायची.

एक सांगतो. त्या दिवसानंतर मी पॅसेंजरला कधी खरं सांगितलं नाही. रिक्षात एकटा माणूस असला, नाक्यावर चिटपाखरू नसलं, तरी म्हणायचो, निघालोच. लोक चिडायचे, आईबहिणीवरून बोलायचे, उतरून जायचे. माझ्या डोक्यात एकच यायचं. मी नेहमीसारखं खोटं बोललो असतो, तर तो ओट्यावर वैतागून बसून राहिला असता. तिने मला विचारलं म्हणून मी खरं बोललो. खरं बोलण्यात चूक काय, असं माझ्या बायकोने मला शंभर वेळा ऐकवलंय. पण तो चहाचा ग्लास मला दिसतो.

गेल्या वर्षी डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि मुलगा म्हणाला, बास झालं आता. रिक्षा पुतण्याला द्यायचं ठरलं. शेवटचे दिवस होते. दुपारची वेळ, माझा पहिला नंबर. मागे दोघं बसलेले. वनिता आली, हातात तांदळाची गोणी. केस पांढरे झालेले, पण चालायची तीच घाई. यूसुफभाई सवयीने मागच्या रिक्षाकडे हात करायला लागले. ती थांबली नाही. गोणी माझ्या रिक्षात ठेवली आणि बसली.

मला मागे बघायचा धीर होईना. आरशात बघितलं. ती आरशातच बघत होती.

"भाऊ, किती वेळ?"

इतक्या वर्षांनी तिने मला भाऊ म्हटलं. "निघालोच" माझ्या ओठावर आलं आणि तिथेच राहिलं. गाडी वीतभर पुढे घ्यायचं सुचलं नाही.

"खरं सांगा," ती म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी खरं सांगितलंत मला. दोन्ही वेळा."

मागचे दोघं आपापल्या फोनमध्ये होते. मी पुढेच बघत राहिलो.

"दुसरा फोन मी विसरले नव्हते हो," ती म्हणाली. "एक क्षणपण नाही. मी गर्दीत त्यांना शोधत होते ना, तेव्हासुद्धा मला माहीत होतं ते कुठे आहेत. पण मी तोंडाने म्हटलं असतं ना, तर ते झालं असतं. म्हणून म्हणत नव्हते. पुढे पोरीला काय सांगायचं म्हणून म्हणत नव्हते. तुम्हाला खोटं पाडलं मी."

"जाऊ द्या ताई," मी म्हटलं.

"सानूला सांगितलं मी. दहावीला आहे आता. परवा तिने विचारलं, बाबा खाली आले होते तर वर कसे सापडले. सांगितलं सगळं." पदराने तिने तोंड पुसलं. "रडली. मग म्हणाली, आई, तू त्यांना नुसतं झोपायलाच सांगितलंस ना, त्यात तुझं काय चुकलं. मला हे कधी सुचलंच नाही बघा."

यूसुफभाई लांबून बघत होते आणि पान चघळायचं विसरले होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आता सांगा. किती वेळ?"

मी वळून बघितलं. "एक सीट बाकी हाय, ताई. दुपार हाय. वेळ लागंल."

तिने मान हलवली. पर्समधून फोन काढला आणि लावला. फोन नवा होता, पण आवाज तसाच मोठा ठेवलेला. पलीकडून पोरीने "हां आई" म्हटलेलं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"सानू, मी नाक्यावर आहे, रिक्षात. गोणी आहे, तू खाली ये," ती म्हणाली. "अजून भरायची आहे रिक्षा. वेळ लागेल म्हणतायत. पण तू खाली येऊन थांब. पुस्तक घेऊन ये हवं तर. कितीही वेळ लागू दे, वर जाऊ नकोस. खालीच थांब."